आपोआप बोलेल

सई आता सहा वर्षांची आहे. तिला साठ-सत्तर शब्द येतात, त्यातले तीसेक ती स्वतःहून वापरते. तहान लागली की "पाणी" म्हणते. नको असेल तर "नको" म्हणते, आणि हा "नको" आमच्या घरात दिवसभर ऐकू येतो. "आई" हा शब्द तिला येतो, पण हाक म्हणून ती तो वापरत नाही. माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणते. एक दिवस पोरगी घडाघडा बोलू लागली, असं काही वाचायला मिळेल या आशेनं कुणी हे हातात घेतलं असेल तर त्यांनी आत्ताच बाजूला ठेवावं. ज्यांच्या घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू अजून बोलत नाही आणि मोठी माणसं "बोलेल की, घाई काय" म्हणत बसलीत, त्यांच्यासाठी मी लिहितेय. आमच्या घरात ते वाक्य सगळ्यांत जास्त मला आवडलं होतं.

गुणी पोरगी

लातूरला आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही राहतो, वर मुलींची अभ्यासिका चालवतो. चाळीस टेबलं, चाळीस दिवे आणि भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली चाकूर, औसा, उदगीर अशा कुठून कुठून लातूरला येतात, क्लास सुटला की आमच्याकडे येऊन बसतात. माझा नवरा क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सर म्हणते, निम्मं चिडवायला.

अभ्यासिकेत टेबल-खुर्ची कुठेही मिळते. आमच्याकडे मुली येतात त्या शांततेसाठी, त्यामुळे खाली आम्हीही दबक्या आवाजात राहायला शिकलो होतो. कुकर सकाळी मुली यायच्या आत लावायचा, टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या वाचायच्या, एकमेकांना हातानं खुणावून बोलवायचं. सासूबाईंचा आवाज मूळचा शेतातून हाक मारणारा. त्यांचे फार हाल झाले.

अशा घरात न रडणारी मुलगी जन्मली. सई तासन् तास जिन्यात बसायची आणि मुलींच्या चपला लावायची. चाळीस जोड, सगळ्यांचे अंगठे भिंतीकडे, एकही इकडचा तिकडे नाही. जेवायच्या सुट्टीत मुली खाली उतरायच्या आणि म्हणायच्या, "काकू, किती गुणी आहे हो तुमची सई, आवाजसुद्धा नाही." मला अभिमान वाटायचा. मध्येच कुणी एक चप्पल हलवली की ती जमिनीवर डोकं आपटायची, ते मी कुणाला सांगत नव्हते.

पुरावा

सई अडीच वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ताप बघून झाल्यावर त्यांनी तिला दोन-तीनदा नावानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. टेबलावरचा पंखा मात्र ती एकटक बघत होती. डॉक्टर म्हणाले, "कान तपासून घ्या, आणि नांदेडला दाखवून या. उशीर करू नका." एका चिठ्ठीवर त्यांनी पत्ता लिहून दिला.

त्या दिवशी माझी माय आलेली होती. ती औश्याच्या पुढं, भूकंपानंतर वसवलेल्या गावात राहते. संध्याकाळी सगळे बसलो. सासूबाई, सर, नणंद स्वाती, माय आणि मी. चिठ्ठी मध्ये सतरंजीवर पडलेली.

माय म्हणाली, "एवढं काय घाबरून राहिलात? हिचं बी असंच व्हतं की. भूकंप झाला तवा ही सहा वर्षांची. सहा महिने तोंडातून शब्द न्हाई. मग बोलली आपोआप. आता बघा, थांबते का."

सगळे हसले, मीही हसले. भूकंपात आमचं घर पडलं, आजी आणि धाकटा भाऊ त्यात गेले. त्यानंतर मी मुकी झाले होते ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पत्र्याच्या शेडमधले ते दिवस मला फारसे आठवत नाहीत, पण मी बोलते आहे हे तर समोर दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आईवर गेली म्हणायची." सरांनी चिठ्ठी पाकिटात ठेवली. मला त्या रात्री फार शांत झोप लागली, हे मी कबूल करते.

आमच्या भागात असे मुके झालेले आणि पुन्हा बोललेले लोक गावोगाव आहेत. त्यामुळे गप्प लेकराची कुणाला भीती वाटत नाही. ही आमच्याकडची चूक आहे, आणि ती आम्ही पुरते दहा महिने केली.

खिळा

दहा महिन्यांनी एका दुपारी मी जिना झाडायला गेले तर पायऱ्यांवर रक्ताचे ठिपके. ठिपक्यांमागं वर गेले. सई चपला लावत होती. तिच्या टाचेत खिळा घुसलेला होता, आणि ती त्या पायानं वर-खाली करत होती. रडलेली दिसत होती. गालावर डाग होते. मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात होते, पण ती माझ्याकडे आली नव्हती.

ती बोलत नाही याची सवय झाली होती. ती सांगायलाही येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला कडेवर घेऊन जिन्यात बसले आणि मोठ्यानं रडले. वरच्या मुली दार उघडून बाहेर आल्या. अभ्यासिका सुरू झाल्यापासून शांतता मोडल्याची ती पहिली वेळ असावी.

सरांनी पाकिटातून चिठ्ठी काढली. त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही नांदेडला गेलो.

कटऑफ

सकाळी साडेसहाची एसटी. चाकूर, अहमदपूर, लोहा. सई हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवून ओरडायची, आणि चाकूरच्या स्टँडवर हॉर्न काही थांबत नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "पोरीला दोन धपाटे घाला." पुढं वर्षभर दर शनिवारी असं काहीतरी कुणीतरी म्हणालंच. दुसऱ्या बाजूला, त्या गाडीचा एक कंडक्टर तिसऱ्या खेपेपासून उजवीकडची खिडकीची जागा न सांगता आमच्यासाठी अडवून ठेवायला लागला, कारण सई तिथंच बसली तर गप्प बसते हे त्यानं पाहिलं होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

नांदेडला आधी कान तपासले. कान उत्तम निघाले. मला वाईट वाटलं. कानाचं काही निघालं असतं तर यंत्र लावून मोकळे झालो असतो, असा हिशेब मी मनात करून गेले होते.

मग डॉक्टरांनी तासभर तिच्यासमोर खेळणी टाकली, आम्हाला शंभर प्रश्न विचारले आणि कागदावर आकडे मांडले. म्हणाले, "ऑटिझमची शक्यता दिसते. पक्कं नाव लावायला थोडं थांबू. काम मात्र आजपासून सुरू करू."

सर त्या कागदाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "कटऑफ किती आहे?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. लातूरच्या मास्तरला कागदावर आकडे दिसले की दुसरं काही सुचत नाही. मग सरांनी पुढचं विचारलं, "म्हणजे, थोडक्यात गेलं असेल तर रिचेकिंग..." मी लग्नानंतर त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. सई तेव्हा दाराची कडी वर-खाली करत होती.

दोन वेगळ्या गोष्टी

वाचा शिकवणाऱ्या परवीन मॅडम शेजारच्या खोलीत बसायच्या. नांदेडच्या जुन्या कापडवाल्यांच्या घरातल्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी माहितीचा फॉर्म काढला. घरात कुणी उशिरा बोललं होतं का, या प्रश्नावर मी भूकंपाची गोष्ट सांगितली. इतक्या वेळा सांगून ती गुळगुळीत झाली होती.

त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "भूकंपाच्या अगोदर तुम्ही बोलत होता?"

"हो. माय म्हणते, तोंड बंद नसायचं."

"मग ताई, तुमचं थांबलं होतं. हिचं सुरूच झालं नाही. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत." त्यांनी पेन ठेवलं. "आणि तुमचं बोलणं परत आणायला कुणी काय केलं?"

"काही नाही. आपोआप आलं."

"अम्मीला विचारा एकदा," त्या म्हणाल्या. "सहा महिने गप्प राहिलेलं लेकरू आपोआप बोलतंही. पण विचारा."

मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला, जो मला खिळ्याच्या दिवसापासून खात होता. आमच्या घरातल्या शांततेमुळे हे झालं का. त्या म्हणाल्या, "चाळीस मुली गप्प बसल्यानं कुणाच्या लेकराला ऑटिझम होत नाही. ते डोक्यातून काढा. मात्र आता हिच्याशी बोलायला लागेल, तेव्हा खाली आवाज झाला तर होऊ द्या."

माय काय म्हणाली

पुढच्याच आठवड्यात मी मायकडे गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी सरळ विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"सोलापूरला नेलं व्हतं तुला," ती म्हणाली. "एक डॉक्टरीणबाई व्हत्या. तुझे अण्णा दर पंधरा दिवसाला एसटीनं घेऊन जायचे. त्या तुला बाहुल्या द्यायच्या, चित्रं काढाया लावायच्या. चार-पाच महिने चाललं. मग बोललीस."

"मग आपोआप आपोआप काय लावलं होतंस इतकी वर्षं?"

"तुझं लगीन करायचं व्हतं. डोक्याच्या डॉक्टरला दाखवलेली पोरगी कोण करतंय? अण्णांनी अन् मी ठरवलं, सोलापूरचं नाव काढायचं न्हाई. सांगून सांगून मलाच खरं वाटाया लागलं."

"आणि सईच्या वेळी? तेव्हा तर माझं लग्न झालेलं होतं."

तिनं सुपातला खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "सासरची म्हणली असती, आईकडून आलं. तुला बोल लागला असता."

मी तिला नाही नाही ते बोलले. म्हणाले, तुझ्या लाजेपायी माझ्या लेकीचे दहा महिने गेले. ते अर्धसत्य होतं. चिठ्ठी आमच्या पाकिटात होती, तिच्या नव्हे. पण राग धरायला मला कुणीतरी हवं होतं आणि माय समोर होती. पाणीही न पिता मी औश्याची गाडी पकडली. त्यानंतर अडीच-तीन महिने मी तिचा फोन उचलला नाही.

वेळापत्रक

घरी सरांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सात ते साडेसात चित्रं, साडेसात ते आठ आवाज, रविवारी चाचणी. ज्या पद्धतीनं त्यांनी शेकडो पोरं मेडिकलला पाठवली, त्याच पद्धतीनं ते मुलीला "पाणी" शिकवणार होते. रोज पन्नास वेळा चित्र दाखवून "म्हण पाणी, म्हण पाणी". पंधरा दिवसांत सई पाण्याचं चित्र दिसलं की पलंगाखाली शिरू लागली.

परवीन मॅडमनी ऐकून घेतलं आणि सरांना सांगितलं, "सर, हिची परीक्षा घेऊ नका. पाणी देताना नुसतं थांबा. ग्लास हातात धरा, तिच्याकडे बघा, आणि थांबा."

थांबणं सरांना फार जड गेलं. वर्गात उत्तर आलं नाही तर स्वतःच सांगून पुढं जायची त्यांची सवय. मलाही जड गेलं, कारण सईला काय हवं ते तिनं दाखवायच्या आत मी हजर करत आले होते. घरात त्यावरून भांडणं झाली. सासूबाई म्हणायच्या, "लेकराला तहानेलं ठेवता, लाज वाटत न्हाई?" एकदा त्यांनी ग्लास माझ्या हातून हिसकावून तिला पाजला. एकदा मीच चिडून ग्लास मोरीत फेकला.

दोन महिन्यांनी सईनं माझं मनगट धरलं, ग्लासापाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत. अर्धा सेकंद असेल. मी सरांना क्लासमध्ये फोन लावला. शिकवताना ते फोन उचलत नाहीत, त्या दिवशी उचलला. म्हणाले, "बरं," आणि ठेवला. नंतर कळलं की पुढचा तास त्यांनी मुलांना स्वाध्याय देऊन घालवला.

त्याच संध्याकाळी मी मायलाही फोन केला. सईचं सांगितलं. बाकी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन राहायलाच आली.

पाहुणे

स्वातीला बघायला धर्माबादचे लोक येणार होते. धान्याचा व्यापार, मुलगा नांदेडला बँकेत, पत्रिका आधीच जुळलेली. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सईला दोन तास वर ठेव मुलींजवळ. मी वाईटानं न्हाई म्हणत. एकदा जमू दे."

मी हो म्हणाले. सांगायला मला अजून लाज वाटते, पण मी हो म्हणाले, आणि वर जाऊन एका मुलीजवळ तिला बसवून आले. मायनं हे सगळं पाहिलं.

पोहे झाले, चहा झाला, स्वाती येऊन बसली. मुलाची आई म्हणजे बोलकी, गोल चेहऱ्याची बाई. बोलता बोलता जिन्याचं दार उघडलं आणि सई आत आली. कुणाकडे न बघता ती सरळ त्या बाईंपाशी गेली, त्यांचं मनगट धरलं आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे ओढलं. त्या बाईंनी हात मागं घेतला नाही. सईनं नेला तिथं जाऊ दिला आणि ग्लास उचलून तिला दिला.

"नाव काय गं तुझं?" त्यांनी विचारलं.

सई पाणी पीत राहिली. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "लाजते. लई लाजाळू हाय."

"लाजत न्हाई ती," माय म्हणाली. ती दारात भिंतीला टेकून बसली होती. "ती अजून बोलत न्हाई. नांदेडला नेऊन राहिलोत दर शनिवारी. फरक पडून राहिलाय." मग तिनं पदर सारखा केला आणि सासूबाईंकडे वळली. "अन् ईनबाई, तुम्हाला बी सांगायचं राहिलं. माझ्या वैशालीला लहानपणी सोलापूरला डॉक्टरकडं नेलं व्हतं, भूकंपानंतर. आपोआप न्हाई बोलली ती. लगीन मोडंल म्हणून मी लपवलं. लपवाया नको व्हतं."

वरून एका मुलीनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. सर उठले आणि त्यांनी सईला मांडीवर घेतलं. मी मायकडे पाहिलं. इतकी वर्षं जे माझ्यासाठी गिळलं ते तिनं माझ्याच सासरी, पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं, आणि माझा सगळा राग तिथंच ओसरला.

पाहुणे पंधरा मिनिटांत उठले. चार दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. स्वाती दोन दिवस रडली. तिचं रडणं चुकीचं नव्हतं, तिला तो मुलगा आवडला होता. सासूबाई मायशी कित्येक दिवस बोलल्या नाहीत. माझ्याशी मात्र बोलल्या. एकदा भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "सोलापूरला काय करायच्या गं त्या बाई तुला?" मी म्हणाले, आठवत नाही. त्या म्हणाल्या, "आठवून बघ. सईला उपयोगी पडंल."

फोन

महिन्याभरानं एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"धर्माबादहून बोलून राहिले. तुमच्याकडं आलते, स्वातीला बघाया." आवाज दबका होता, मागून वाऱ्याचा आवाज येत होता. "गच्चीवर आले म्हणून बोलता येतंय. पत्रिकेचं मनावर घेऊ नका. आमच्या घरात माझं एकटीचं चालत न्हाई."

मी म्हणाले, ठीक आहे.

"त्या नांदेडच्या मॅडमचा नंबर देता का? थोरल्याचा पोरगा हाय माझ्या. तो बी असंच मनगट धरून नेतो. घरात कुणी मनावर घेईना. म्हणतात, बोलंल की."

मी नंबर दिला. सावकाश, दोनदा सांगितला. शनिवारी गर्दी असते, बुधवारी गेलात तर मॅडम जास्त वेळ देतात, हेही सांगितलं. मग विचारलं, "केवढा आहे?"

"गेल्या महिन्यात दोनचा झाला."

"दोन," मी म्हणाले.

"तुमच्या सईला कधी नेलं व्हतं?"

"तीन वर्षं चार महिन्यांची असताना."

ती म्हणाली, "मग मी परवाच नेते बुधवारी. घरात देवदर्शनाला जाते म्हणून सांगते."

नेताना त्याचं आवडतं खेळणं बरोबर घ्या, असं मी तिला म्हणाले. तिनं आभार मानले आणि फोन ठेवला. सई माझ्याजवळ जमिनीवर बसून वाटीत वाटी घालत होती. त्या बाईचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि तितकाच तिचा हेवाही वाटत होता.